शिक्षकांचा अभ्यासगट कसा चालवायचा? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या केंद्रातले (आजूबाजूच्या शाळा मिळून एक केंद्र) आम्ही सहा जण गेली काही वर्षं एक अभ्यासगट चालवतोय. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा, बहुतेक द्विशिक्षकी. ट्रेनिंगला कुणी भेटलं की तेच विचारतं, रात्री फोन येतो तेव्हा पण तेच, म्हणून म्हटलं एकदा सगळं टाईप करून ठेवावं, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. प्रश्न जसे आठवले तसे लिहिलेत, क्रम बिम काही नाही.

अभ्यासगट म्हणजे नेमकं काय? दर महिन्याला शिक्षण परिषद होतेच की!

होते आणि व्हायलाच पाहिजे, तिच्यावर माझा राग नाही. पण तिथं माणसं पंचवीस-तीस, विषय वरून आलेला, सुलभक, म्हणजे बैठक घेणारा, पीपीटी पुढं सरकवतोय, मागच्या बाकावर एक जण शालेय पोषण आहाराची माहिती भरतोय, दुसरा कुणाच्या तरी आधारचं मिसमॅच बघतोय, आणि दोन वाजले की सगळ्यांचं लक्ष जेवणाकडं. अभ्यासगटात पाच-सहा जण असतात, आपल्याच वर्गात अडलेली एकच गोष्ट असते, पोरांच्या वह्या समोर असतात, आणि महिन्याभरानं परत त्याच गोष्टीवर बसायचं असतं. हे परत बसणं नसेल तर मग तो अभ्यासगट नाही, ती नुसती भेट झाली.

कल्पना काही आपण शोधलेली नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं जवळजवळच्या शाळांनी मिळून काम करावं म्हणून शाळा संकुल सुचवलं होतं, पुढं आपल्याकडं केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण शाळा संकुल परत आहेच. म्हणजे कागदावर आपण साठ वर्षं एकत्रच काम करतोय, बसायचं तेवढं राहिलंय.

किती जण पाहिजेत?

चार ते सात. तिघं असले आणि एक रजेवर गेला की दोघांत गप्पाच होतात, आठच्या वर गेलं की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात.

आम्ही पहिल्या वर्षी अख्खं केंद्रच घेतलं होतं. बावीस जण, अध्यक्ष, सचिव, विषयवार समित्या, फ्लेक्स पण छापला, उद्घाटनाला नारळ फोडला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या फ्लेक्सचा उपयोग एकच झाला, शाळेच्या गळक्या व्हरांड्यावर झाकायला. (फ्लेक्स चांगला होता, दोन पावसाळे टिकला.) दुसऱ्या वर्षी मग ज्यांना खरंच यायचं होतं ते सहा जण उरलो, तेव्हापासून चाललंय.

कुणाला घ्यायचं?

एकच इयत्ता किंवा शेजारच्या इयत्ता शिकवणारे घ्या. पहिली-दुसरीवाले एकत्र, तिसरी-चौथीवाले एकत्र. हुशार आणि उत्साही शिक्षक निवडून घ्यायचे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं करू नका, ज्याला वर्गात काहीतरी खुपतंय आणि ते तोंडानं सांगायची लाज वाटत नाही असा माणूस बघा. पुरस्कारवाले गुरुजी पण चालतील, पण त्यांनी पण स्वतःच्या पोरांच्या वह्या आणल्या पाहिजेत.

बैठकीत करायचं काय? आम्ही बसतो आणि पंधरा मिनिटांत विषय डीएवर (महागाई भत्त्यावर) जातो.

जाणारच, समोर काही नसलं की माणूस पगारावरच बोलतो. म्हणून समोर वस्तू पाहिजे, आणि सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे पोरांच्या न तपासलेल्या वह्या. एक उदाहरण नीट सांगते, कारण यावरून बाकी सगळं कळेल.

विषय होता दुसरीच्या पोरांना दोन अंकी संख्या ऐकून लिहिता येत नाहीत. ठरलं असं की प्रत्येकानं आपापल्या वर्गात त्याच दहा संख्या तोंडी सांगायच्या, पोरांकडून लिहून घ्यायच्या, लाल पेन अजिबात लावायचा नाही आणि शनिवारी पानं घेऊन यायचं. सतरंजीवर पाच शाळांची पानं पसरली. त्रेपन्नला ३५. पंच्याहत्तरला ५७. एकोणतीसला ३९. एकोणपन्नासला ५९. एका पोरानं त्रेपन्नला ३५० लिहिलं होतं, म्हणजे तीन आणि पन्नास!

आमचे एक सर म्हणाले, लक्ष नसतं हो पोरांचं. पण वेगवेगळ्या गावातल्या, एकमेकांना कधी न बघितलेल्या पोरांचं लक्ष नेमकं त्याच जागी कसं नसेल? मग एका मॅडमनी मोठ्यानं म्हणून दाखवलं, त्रे... पन्नास. आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. पोरगं जसं ऐकतंय तसं लिहितंय, त्याच्या हिशोबानं ते बरोबरच आहे. आणि एकोणतीसमध्ये तर तीस स्पष्ट ऐकू येतं, मग ३ लिहिणार नाही तर काय लिहिणार, शेवटी नऊ असतो एवढं त्याला पाठ झालंय म्हणून झाले ३९.

गंमत म्हणजे नव्व्याण्णव जवळजवळ सगळ्यांचं बरोबर! कारण उलटं लिहिलं तरी ९९च. चव्वेचाळीस, पंचावन्न पण तसंच. म्हणजे चाचणीत आपण ४४, ५५, ९९ असल्या संख्या टाकल्या तर वर्ग प्रगत दिसतो आणि कळत काहीच नाही. हे मी एकटी वह्या तपासत बसले असते तर मला कधीच दिसलं नसतं, मी नुसतं चूक-बरोबर करत पान उलटलं असतं.

मग २०१९ चा वाद निघाला. आठवत असेल, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला वीस एक, त्रेसष्टला साठ तीन असं वाचन आलं होतं आणि टीव्हीवर किती दिवस तेच चाललेलं, डॉ. मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी कारण हेच सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळं पोरं अडखळतात. आमच्यात पण दोन तट पडले. एक म्हणे भाषेची वाट लागेल, दुसरा म्हणे पोराची लागलीच आहे. भांडत बसण्यापेक्षा ठरवलं की दोघींनी आपापल्या वर्गात आधी वीस एक म्हणायचं आणि मग एकवीस, आणि दोघांनी नाव बदलायचं नाही पण लिहिण्याआधी दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडून घ्यायच्या, आधी गठ्ठे डावीकडं, मग सुट्या उजवीकडं. तीन आठवड्यांनी परत त्याच दहा संख्या.

निकाल काय लागला? ३५-५३ ची गडबड दोन्हीकडं बरीच कमी झाली. पण एकोणवाल्या संख्या दोन्हीकडं तशाच अडकल्या. मग पुढचा महिना नुसता एकोणवर घालवला, गणितमाळेवर तीसचा मणी धरायचा आणि एक मागं यायचं, एक उणे तीस, एकोणतीस. एका संख्येसाठी महिना, असं कुणाला वाटेल, वाटू दे.

वेळ कुठून काढायचा?

हा खरा प्रश्न आणि याला गोड उत्तर नाही. आम्ही महिन्यातून एका शनिवारी बसतो, सकाळची शाळा सुटली की दीड तास. पाळीपाळीनं एकेकाच्या शाळेत. दीड तास म्हणजे दीडच, कारण सोबत गाडीवर येणारे असतात, कुणाचं लहान पोर घरी असतं.

शाळेच्या वेळेत का नाही असं पण विचारतात. द्विशिक्षकी शाळेत एक जण बाहेर पडला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात, ते आम्हाला पटत नाही. तत्त्व म्हणून सांगायचं तर शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत आणि त्यात पूर्वतयारी पण धरलेली आहे, म्हणजे एकत्र बसून पाठाची तयारी करणं हे कामच आहे, हौस नाही. पण त्या ४५ तासांत बीएलओची (मतदार यादीची) कामं, सर्व्हे, रोज नवीन गुगल फॉर्म हे पण घुसलेलं आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं. निवडणुकीच्या महिन्यात आम्ही सरळ सुट्टी घेतो. खोटं खोटं बसत नाही.

एकमेकांचा वर्ग बघायचा का? मला तर नुसत्या विचारानंच घाम फुटतो.

सगळ्यांनाच फुटतो, कारण आपल्याकडं वर्ग बघायला येतो तो तपासायलाच येतो, शेरेबुक घेऊन. त्यामुळं पहिल्या सहा महिन्यांत वर्ग बघू नका, आधी वह्यांवर बसा, एकमेकांची सवय होऊ द्या.

मी याच्यात माती खाल्लेली आहे. एका मॅडमचा पाठ बघितला आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणाले, मुलं जरा गप्प गप्पच वाटली. बस. पुढचे दोन महिने त्या आल्या नाहीत, रस्त्यात भेटल्या तरी गाडी थांबवली नाही. माझं म्हणणं खरं होतं की नाही हा प्रश्नच नाही, मी पोरांबद्दल बोलतेय असं मला वाटलं आणि त्यांना ऐकू आलं की तुम्ही वाईट शिकवता.

जपानमध्ये शंभराहून जास्त वर्षं एक पद्धत चालते, इंग्रजीत तिला लेसन स्टडी म्हणतात, १९९९ नंतर अमेरिकेत पण तिचा बराच बोलबाला झाला. त्यात पाठ एकाचा नसतोच. सगळे मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे शिक्षकाकडं बघत नाहीत तर पोरांकडं बघतात आणि कोण काय करतंय ते लिहून घेतात. फसला तर पाठ फसला, माणूस नाही. ही युक्ती आम्ही उचलली, शाळा एकेकाला रजा टाकून सोडावी लागते म्हणून वर्षातून दोनदाच करतो, आणि ज्या शाळेत पाठ असतो तिथल्या बाकीच्या इयत्तांची पोरं त्या वेळात कवायतीला.

हातच्याच्या वजाबाकीचा पाठ असाच बसवला होता. माझ्या वाट्याला खिडकीजवळची एक मुलगी आली. ५२ वजा २७. ती पुटपुटत होती, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, उत्तर ३५. मी हळूच विचारलं, खालच्या सातातून वरचे दोन का गं? ती म्हणाली, बाईंनीच सांगितलंय, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. बरोबर आहे! पहिलीला आपण सगळेच हे वाक्य सांगतो. पोरीनं अक्षरशः ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या सहा शाळांत पहिलीला ते वाक्य बंद आहे, आता आम्ही म्हणतो आहेत त्यातून काढायचे.

एक सिनियर गुरुजी बोलतच नाहीत, काय करायचं?

त्यांना मत विचारू नका, वस्तू विचारा. गुरुजी तुमचं काय मत, यावर ते म्हणणार चांगलं चाललंय. गुरुजी तुमच्याकडच्या या पानावर हे ४०७ कुठून आलं असेल, असं विचारलं की बोलतात. तीस वर्षांत त्यांनी जेवढ्या प्रकारच्या चुका बघितल्यात तेवढ्या आपण बघितलेल्या नाहीत.

आणि जो सारखा बोलतो त्याचं?

त्याला लिहायला बसवा. इतिवृत्त त्याच्याकडं. मी स्वतः आमच्या गटाची इतिवृत्त लेखक आहे, कारण समजून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच चालवलं तर?

फोटो पाठवायला, तारीख ठरवायला ठीक. पण चर्चा तिथं होत नाही, अंगठे होतात. वाढदिवसाचे केक, सुविचार आणि कुठल्या तरी जीआरची पीडीएफ या गर्दीत पोराची वही हरवते. आम्ही एकच नियम ठेवलाय, ग्रुपवर फक्त वहीच्या पानाचा फोटो आणि त्याखाली एक प्रश्न, आणि पोराचं नाव झाकून. नाव झाकायचं विसरू नका, पालक पण कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असतातच.

केंद्रप्रमुखांना, साहेबांना सांगायचं का?

सांगायचं, लपवून कशाला करायचं. पण अहवाल द्यायचा नाही, मागितला तरी गोड बोलून टाळायचा. एकदा अहवाल सुरू झाला की त्याचा नमुना येतो, नमुना आला की रकाने येतात, मग फोटो जिओटॅग करून पाहिजेत, आणि मग पुढच्या बैठकीत तुम्ही वह्या बघत नाही तर रकाने भरता. आमचे केंद्रप्रमुख समजूतदार निघाले, ते कधीमधी येतात, सतरंजीवर आमच्यासोबत बसतात आणि वही हातात घेतात. नशीब लागतं हे मान्य आहे. तुमच्याकडं तसे नसतील तर गावजेवणाला बोलावल्यासारखं वर्षातून एकदा बोलवा, चांगलं झालेलं एक काम दाखवा, बास.

दुसऱ्याकडचं चांगलं काम बघून यायचा फायदा होतो का?

होतो आणि नाही पण होत. २०१५ च्या आसपास प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या वेळी साताऱ्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे काही केंद्रं मिळून) बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे. तिथून आल्यावर बहुतेक शाळांनी काय केलं? फरशीवर चौकटी रंगवल्या. शतक तक्ता, अंकांच्या उड्या, बाराखडीची फुलं, सगळं ऑइलपेंटमध्ये. माझ्या आधीच्या शाळेत पण, मीच ब्रश धरला होता. पण त्या चौकटीवर पोरगं उभं असताना त्याला काय विचारायचं आणि मग गप्प कधी बसायचं, ते रंगवून येत नाही. पुन्हा जायचं असेल तर गटातल्या निदान दोघांनी मिळून जा आणि तिथल्या पोरांशी बोला, भिंतींचे फोटो कमी काढा.

हायस्कूलमध्ये हे कसं करायचं?

हायस्कूलचा माझा स्वतःचा अनुभव नाही, मैत्रिणीचं बघून सांगते. तिथं विषयवार बसणं सोपं, पण गणिताचे सर एकटेच असतात बऱ्याच शाळांत. ती तीन शाळांच्या विज्ञानवाल्यांना घेऊन बसते, आणि एकाच वर्गाला शिकवणारे सगळे विषयशिक्षक असा दुसरा गट तिच्या शाळेत आहे. तो दुसरा तिला जास्त आवडतो, कारण एकच पोरगा गणितात मठ्ठ आणि इतिहासात हिरो कसा हे तिथं कळतं.

हे तास सीपीडीत (सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासात) धरतात का?

२०२० च्या धोरणात वर्षाला ५० तासांचं सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाचं काम शिक्षकानं करावं असं आहे. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे कोर्स करून सर्टिफिकेट मिळतं, सतरंजीवर बसून मिळत नाही. आपले तास धरावेत असं मला वाटतं, पण धरले की परत अहवाल आला, म्हणून या बाबतीत माझं डोकं दोन्हीकडं चालतं. सध्या धरत नाहीत असं समजूनच चला.

फायदा झाला हे कळतं कसं?

तीच दहा संख्यांची चाचणी, तीच पोरं, पुन्हा. एवढंच. टक्केवारी काढू नका, नावं लिहा, की या चौघांना अजून येत नाही. टक्केवारी काढली की ८० टक्के झालं म्हणून आनंद होतो आणि ते चौघं वीस टक्क्यांत गायब होतात. आणखी एक खूण आहे. बैठकीत आमची पोरं असं कुणी बोलायला लागलं आणि ती पोरं त्याच्या शाळेची नसली की समजायचं गट जमला.

बदली झाली की गट मोडतो ना?

मोडतो. ऑनलाइन बदल्यांच्या एका फेरीत आमचे सहापैकी तिघं गेले, एक तर पार दुसऱ्या तालुक्याच्या टोकाला. काही महिने काहीच झालं नाही. मग उरलेल्या तिघांनी नवीन आलेल्यांना चहाला बोलावलं, तेव्हा जुनी वही कामाला आली. आम्ही एक दोनशे पानी रजिस्टर ठेवतो, त्यात प्रत्येक बैठकीला एकच पान, कुठली चूक बघितली, काय करून बघितलं, काय झालं. नवीन माणूस ते तासाभरात वाचतो आणि म्हणतो अरे माझ्याकडं पण असंच होतं. गेलेल्यांपैकी एकीनं त्याची झेरॉक्स नेली आणि तिकडं नवा गट सुरू केलाय, चार जणांचा.

खर्च किती येतो आणि कोण करतं?

चहा आणि बिस्किटं, ज्याची शाळा त्याच्याकडं. पेट्रोल आपापलं. दरडोई वर्गणी काढून बघितली होती, हिशोबावरून कटकट झाली, बंद केली. आता एकच नियम आहे, जो वह्या विसरून येतो तो पुढच्या वेळी भजी आणतो. गेल्या तीन बैठकांत दोनदा मीच आणलीत.